एक नग

आडगाव नाका ते सातपूर, अकरा स्थानकं,
सगळी जमिनीच्या पोटात.
उद्घाटनाची फीत अजून घडीतच होती
तेव्हा वरचं शहर बंद झालं,
आणि माझ्या गाडीत पहिल्यांदा चढली ती
पेठ रोडच्या मार्केटातली कोथिंबीर.

बाकडी उपसून काढलेली.
वरच्या कड्या तेवढ्या राहिल्या,
कुणाचा हात न लागलेल्या, कोऱ्या;
वळणावर सगळ्या मिळून एकीकडे कलायच्या
जणू खाली कोणी काही बोललंय.
खाली क्रेट. कारली, दूध, सलाइनचे खोके,
एकदा नुसती बाळांची लंगोटं, दीड डबा.

मी घोषणा बंद केल्या नाहीत.
तीन महिने शिकवल्या होत्या, आरशासमोर घोकल्या होत्या.
पुढील स्थानक, रविवार कारंजा.
दरवाजे डाव्या बाजूला उघडतील.
भोपळे ऐकून घ्यायचे.

पंचवटी सुटली की गोदावरी येते डोक्यावर.
बोगदा तिथे गार होतो, भिंतीला घाम फुटतो.
वर काठावर तेव्हा कोणीच नव्हतं,
ना दिवा सोडणारं, ना अस्थी;
तिची इतकी रिकामी रात्र
खालून मीच एकटी ओलांडत होते,
सहा टन भाजी घेऊन.

लियाकत कोकणी आडगावला माल चढवायचा.
फलाटावरच झोपायचा, पोत्यांच्या आडोशाला.
त्याची शमीम सातपूरच्या केंद्रात, चौथा आठवडा,
आणि चष्मा घरी राहिलेला.
"मॅडम, तिथे सगळेच मास्कवाले.
तिला सुई टोचणारा कोण नि जेवण देणारा कोण
कळणार कसं?"

चष्मा त्याने आधी मालातूनच पाठवला होता.
सोनेरी काड्यांचा, रुमालात, रुमाल डब्यात,
डब्यावर नाव, वॉर्ड, खाट.
तिसऱ्या दिवशी परत आला.
शिक्का: यादीत नाही.

नियम एका ओळीचा होता, केबिनमध्ये चिकटवलेला:
माणूस नेऊ नये.
मी त्याला मालाच्या काट्यावर उभं केलं.
यादीत लिहिलं:
कांदा, एक नग, बासष्ट किलो.

त्या रात्री माझा आवाज फुटला.
पुढील स्थानक मेहेर, म्हणताना
मागे खरंच कोणीतरी होतं,
कड्यांतली एक कडी धरून,
पुढच्या स्थानकाची वाट बघत.
मी सगळ्या घोषणा दिल्या. कुठे गाळलं नाही.
फलाट आणि गाडी यांतली फट, सामान, लहान मुलं.
त्र्यंबक नाक्याला धन्यवादही म्हटलं, उगीच.
सातपूरला दार डावीकडे उघडलं,
तो सरकत्या जिन्याने वर गेला.
जिना बंद होता. पायऱ्या मोजत गेला असावा.

पहाटे चार दहाची रिकामी फेरी.
तो आला.
चष्मा त्याच्याच डोळ्यांवर.
बायकी, सोनेरी काड्यांचा, नाकावर अडकत नव्हता,
आणि त्यातून त्याला काही दिसत नसणार,
कारण डब्यात चढताना पाय चुकला, त्या फटीत,
जिच्याबद्दल मी रात्री दोनदा सांगितलं होतं.

मी विचारलं नाही.
घोषणाही केल्या नाहीत.
नदीखालून गेलो, भिंतीचा घाम, कड्यांचं कलणं,
आडगावला तो उतरला
आणि मेथीच्या जुड्या मोजू लागला,
एक एक नाकाजवळ धरून.

आता बाकडी बसवलीत. लोक चढतात,
म्हणतात डब्यात कसला तरी हिरवा वास आहे.
गेल्या महिन्यात हिशेब तपासणारे आले,
नाकावर बोट ठेवून जुनी यादी वाचत:
"निरगुडेबाई, हा कांदा एकच नग, बासष्ट किलो?
आणि उतरवल्याची सही कुठाय?"

म्हटलं, मोठा होता, साहेब.
सही राहिलीय.